मागून चालणारे लूप काका

पुढारी असून सगळ्यांच्या मागून चालणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच बघितला. अमेरिकेत बेलव्ह्यूला आमचा शनिवारी चालायला जाणारा मराठी लोकांचा ग्रुप होता, त्याचे ते मुख्य. वाट त्यांनी ठरवायची, गाड्या कुठं लावायच्या ते त्यांनी सांगायचं, कुणी किती पाणी घ्यायचं तेसुद्धा त्यांनीच. आणि एकदा चालायला लागलं की हे सगळ्यात शेवटी. मी पहिल्याच दिवशी मनात म्हटलं, हा माणूस सरळ नाही.

मी उगीच म्हटलं नाही. चौतीस वर्षं मी कालव्यावर पाटकरी होतो. पाटकरी म्हणजे पाटाचं पाणी पाळीप्रमाणे शेताशेताला सोडणारा माणूस. शिक्षण सातवीपर्यंत, पण माणसं वाचायला त्याच्या पुढचं लागत नाही. पाण्याची पाळी आली की भला माणूससुद्धा चोर होतो. जो पुढं येऊन भांडतो त्याची भीती नसते. जो मागं राहतो तो एक तर चारी, म्हणजे शेताकडे जाणारा छोटा पाट, फोडून पाणी चोरणारा असतो, नाही तर साहेबानं पाठवलेला असतो.

सगळे त्यांना लूप काका म्हणत. माझ्याहून वयानं दोन-तीन वर्षं लहानच, पण सगळे काका म्हणत म्हणून मीही म्हणायला लागलो. जिथून निघालो तिथंच गोल फिरून यायचं, अशा वाटेला इथं लूप म्हणतात. काका दुसऱ्या वाटेनं कधी नेतच नसत. पाऊस येवो, कुणाचा पाय मुरगळो, आल्या वाटेनं मागं फिरणं त्यांना चालायचं नाही. ‘परत फिरायचं नाही, पुढं जाऊन परत यायचं,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा सायली नावाच्या नागपूरच्या मुलीचा, इथं कंपनीत कामाला आहे ती, पाय मुरगळला. गाड्या मागं दहा मिनिटांवर होत्या. काकांनी तिला पुढच्या वाटेनं पाऊण तास चालवलं. ती लंगडत म्हणाली, ‘काका, एवढा कसला ईगो यार!’ काका म्हणाले, ‘ईगो नाही गं, शिस्त आहे.’ माझ्या डोक्यात ते बसलं. मागच्या वाटेवर या माणसाचं असं काय आहे, जे आम्ही बघू नये?

माझं त्यांच्यावर लक्ष असायला कारण होतं. आमची सुमन फेब्रुवारीत गेली. दोघं मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलो होतो, चौथ्या महिन्यात ती गेली. हृदय थकलं होतं, डॉक्टर म्हणाले. त्यानंतर मला इथं एक दिवस काढवेना. मी विकासला, माझ्या मुलाला, सरळ सांगितलं, ‘मला गावी पोचव. मी माझ्या घरात राहीन.’ तो म्हणाला, ‘बाबा, एकटे? काही झालं तर मला यायला दोन दिवस लागतील.’ सहा महिन्यांची मुदत त्यानं वाढवूनही घेतली. यावर आमचं रोज वाजायचं. मग एक दिवस तो स्वयंपाकघरात फोन स्पीकरवर ठेवून बोलत होता, मी बाहेर चपला शोधत होतो. ‘काका, बाबांना ग्रुपमध्ये घ्या ना. आणि जरा ऑब्झर्व्ह करा. एकटे मॅनेज करतील का, तुम्ही सांगाल तसं मी डिसाइड करीन.’ पलीकडून आवाज आला, ‘बघतो आणि सांगतो.’

म्हणजे माझं गावी जाणं एका परक्या माणसाच्या शब्दावर टांगलं. तो परका माणूस म्हणजे लूप काका.

त्यांनी मला पहिल्या दिवशी एक भगभगीत नारिंगी टोपी दिली. म्हणाले, शिकारीचे दिवस आहेत, लांबून दिसलेलं बरं. बाकीच्यांनाही दिल्या, पण माझी त्यांनी स्वतःच्या हातानं डोक्यावर बसवली. माझ्याकडे पाटावरची काठी होती, खाली लोखंडी शेंबी असलेली. सामानात आणताना विकास वैतागला होता. काकांनी ती काठी दगडावर आपटून बघितली आणि खूश झाले. ‘आबा, आवाज छान आहे हिचा. वाजवत चला. आणि तुम्ही माझ्या पुढं चालायचं. बरोब्बर पुढं.’ बैलाच्या गळ्यात घंटा बांधतात ती कशाला, ते मला माहीत आहे.

चालता चालता त्यांचे प्रश्न सुरू व्हायचे. ‘आबा, पुढं काय दिसतंय?’

‘झाडं.’

‘कशी?’

‘उभी.’

ते हसायचे, पण सोडायचे नाहीत. ‘फांदी खाली आलीय का कुठं? चिखल? दगड?’ मी ओळखलं, ही परीक्षा चाललीय. म्हाताऱ्याला दिसतं का, कळतं का, लक्षात राहतं का. मग मीही इरेला पेटलो. उजवीकडे दगड, पुढं दहा पावलांवर चिखल, डावीकडे कापलेलं खोड, खोडावर पिवळी अळंबी, सगळं बोलून दाखवायला लागलो. ‘शाबास पाटकरी,’ ते म्हणायचे. ती शाबासकी मला औषधासारखी गिळावी लागायची.

गाडी ते चालवत नसत. त्यांची मुलगी मेघना त्यांना सोडायला-आणायला यायची. का चालवत नाही विचारलं तर म्हणाले, ‘ड्राइव्ह करताना गप्पा नीट होत नाहीत.’ पाण्याच्या बाटलीवरसुद्धा हुकूम सोडणारा माणूस स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात देतो, हे मला पटलं नाही. मी घरी सुनेला, प्राचीला, हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘बाबा, तुम्हाला प्रत्येकातच काहीतरी दिसतं.’ नात टेबलावर अभ्यास करत होती, ती मान वर न करता म्हणाली, ‘आजोबा, ही इज जस्ट ओल्ड.’ मी म्हटलं, मीपण ओल्डच आहे, मी असा चालतो का? ती म्हणाली, ‘नो, यू वॉक लाइक पोलीस.’

पण खोटं का लिहू, माणूस वाईट वागत नव्हता. तिखटमिठाच्या पुऱ्या आणायचे आणि त्या दिवशी जो सगळ्यात कमी बोललाय त्याला आधी द्यायचे. पहिले दोन महिने पहिली पुरी मलाच मिळायची. सुमन गेल्यावर जो भेटेल तो मला देव, कर्म आणि वेळ यावर काहीतरी ऐकवायचा. काकांनी एकदाही ऐकवलं नाही. एवढंच म्हणाले, ‘बोलू नका हवं तर. पाय चालू ठेवा.’ ते मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून मी जास्त सावध झालो. गोड बोलणाऱ्या साहेबाचं पुढचं वाक्य नेहमी कामाचं असतं.

ऑक्टोबरात काकांनी वर्षाचा मोठा लूप काढला. सकाळी निघून संध्याकाळी परत, अकरा मैल. बेलव्ह्यूपासून दोन तासांवर एक छोटं गाव, तिथं गाड्या लावायच्या, मग माळ, मग रान, मग दुसरं गाव, आणि शेतांच्या कडेनं पुन्हा पहिलं गाव. गाव म्हणजे एक चर्च, एक पोस्ट, एक पेट्रोलपंप आणि त्याला चिकटलेलं कॉफीचं दुकान. रस्त्यावर माणूस नाही, कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. कुत्रं भुंकत नाही त्या गावात मी कधी निर्धास्त उभा राहिलेलो नाही.

माळही आपल्यासारखा नव्हे. गुडघ्याएवढी काटक झुडपं, मधेमधे काळं पाणी. पाय टाकला की जमीन आत दबायची आणि उचलला की हळू वर यायची. धुकं इतकं की पुढचा माणूस नुसता टोपीपुरता दिसत होता. आम्ही नऊ जण एका मागं एक. मी आठवा, काका नववे. पाऊण तासानं मी लघवीला बाजूला झालो आणि माझी मागं नजर गेली. चिखलात सात माणसांचे ठसे होते, पसरलेले, एकावर एक. कडेनं माझे ठसे वेगळे दिसत होते, काठीच्या टोचणीसकट. नवव्या माणसाचा ठसाच नव्हता.

मी खाली वाकून बघितलं. माझ्या प्रत्येक ठशात दुसरा बूट पडलेला होता. टाचेवर टाच, चवड्यावर चवडा. एक पाऊल चुकलेलं नाही.

पाटावर असे ठसे मी खूप बघितलेत. तीन चोर चारी फोडायला येतात तेव्हा एकाच्या पावलात दुसरा पाय टाकत येतात, म्हणजे सकाळी पाटकऱ्याला वाटावं की कुणी एकटा वाटसरू गेला. साधा माणूस असा चालत नाही. ज्याला आपला माग ठेवायचा नाही तोच असा चालतो. मी काकांकडे बघितलं. ते माझ्या टोपीकडे बघत शांत उभे होते. ‘झालं? चला.’

रानात शिरल्यावर मी ठरवलं, आज या माणसाला पकडायचा. बाकीचे बोलत पुढं गेले होते. वाट डावीकडे वळत होती, चांगली रुंद, आंधळ्यालाही कळेल अशी. मी मुद्दाम सरळ गेलो, नेच्यांच्या झुडपात, काठी वाजवत. म्हटलं, शहाणा माणूस हाक मारेल, ‘आबा, वाट इकडे.’ काका बोलले नाहीत. मागं येत राहिले. वीस पावलं, तीस पावलं. पुढं एक ओढा आला, काठ कमरेएवढा खोल. मी काठावर पटकन बाजूला झालो आणि काठी वर उचलून धरली.

ते माझ्या शेजारून सरळ पुढं गेले आणि खाली पडले.

मी चौतीस वर्षांत पाण्यात पडलेली दोन माणसं बाहेर काढलीत. पण त्यांना मी पाडलेलं नव्हतं. मी तसाच खाली उतरलो. काका पाण्यात बसले होते, कपाळ खरचटलं होतं, आणि हातानं आजूबाजूचे दगड चाचपत होते. मी समोर उभा होतो तरी ते भलतीकडे तोंड करून म्हणाले, ‘आबा, कुठं आहात?’

मी म्हटलं, ‘किती दिवस झाले?’

त्यांनी तोंडावरचं पाणी पुसलं. मग म्हणाले, ‘दोन वर्षं. काचबिंदू. डावा गेलाच. उजव्यानं मधलं तेवढं दिसतं.’

‘म्हणजे कसं?’

‘तुमच्या पाटाखालच्या मोरीच्या नळातून पलीकडचं दिसतं ना, तसं. एवढंसं गोल. त्यात तुमची टोपी बसते.’

मग सगळं कळायला लागलं. जिथं माझा पाय टिकला तिथं त्यांचा टिकणार, म्हणून पावलावर पाऊल. टोपी हरवली तर काठीचा आवाज. प्रश्न माझी परीक्षा घ्यायला नव्हते, त्यांना पुढचा दगड माहीत व्हायला होते. आणि लूप? तेही त्यांनी सांगितलं. वीस वर्षं त्या वाटा चालून पाठ झाल्या होत्या, पण एकाच बाजूनं. ‘पाठ केलेलं उलटीकडून म्हणता येतं का तुम्हाला? मागं फिरलो की मी मेलो.’ ज्याला मी आठ महिने माझ्यावर नजर ठेवणारा समजत होतो, त्याला नजरच नव्हती.

‘मेघनाला माहीत आहे?’

‘नाही. आणि कळता कामा नये. कळलं की मला घरात बसवतील.’ त्यांनी माझा दंड घट्ट पकडला. ‘पाटकरी, तुम्हाला गावी जायचंय ना? विकासला मी उद्या सांगतो, हा माणूस ठणठणीत आहे, बिनधास्त पाठव. तुम्ही फक्त आज पाय घसरला म्हणा.’

असा सौदा मला पाटावर शेकडो वेळा सांगितला गेलाय. कधी कोंबडी, कधी पोतं. मी कधी घेतला नाही. पण तेव्हा मला काही नको होतं. आता हवं होतं. माझं घर, माझा ओटा, सुमननं लावलेली सीताफळं. माणूस कधी चोर होतो ते मला त्या ओढ्यात समजलं.

मी ‘बघू’ म्हटलं. काकांना वर काढलं, त्यांचा हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि वाटेला लागलो. दुसऱ्या गावात बाकीचे कॉफीला थांबले होते. ‘काका, काय हे, स्विमिंग केलं का?’ सायली ओरडली. काका म्हणाले, ‘पाय घसरला,’ आणि माझ्या बाजूला तोंड केलं. मी त्यांना धरून बाजूला नेलं. तिथल्याही पोस्टाबाहेर बाक होता, त्यावर आम्ही दोघं बसलो. त्यांनी पुऱ्यांचा डबा काढला. पुऱ्या भिजल्या होत्या, तरी त्यांनी पहिली मला दिली.

मला ती खाता आली नाही. मला सुमनचे पाय आठवत होते. जानेवारीत तिचे पाय सुजायला लागले. मी विचारलं तर म्हणाली, ‘काही नाही हो, इथल्या थंडीनं बूट घट्ट झालेत.’ मी, चिखलातल्या एका ठशावरून चोराचं वजन सांगणारा माणूस, तिच्याबरोबर दुकानात गेलो आणि तिला एक नंबर मोठे बूट घेऊन दिले. सगळ्या दुनियेवर संशय घेतला, तिच्यावर तेवढा घेतला नाही. घेतला असता तर कदाचित ती असती.

संध्याकाळी पहिल्या गावात, गाड्यांपाशी, मेघना काकांना न्यायला आली. तिनं बापाचं कपाळ बघितलं. ‘बाबा, काय झालं?’ काका म्हणाले, ‘काही नाही गं, पाय घसरला.’

मी म्हटलं, ‘घसरला नाही. यांना दिसत नाही. दोन वर्षं झाली. आणि ओढ्यात पाडलं मी, मुद्दाम वाट सोडून. उद्याच्या उद्या डॉक्टरकडे ने.’

मेघना एकदा माझ्याकडे, एकदा बापाकडे बघत राहिली. काका गाडीत बसले, दार लावायच्या आधी म्हणाले, ‘पाटकरी, तुम्ही माझीच चारी फोडलीत.’ त्यानंतर कित्येक आठवडे ते माझ्याशी बोलले नाहीत.

डॉक्टरनं सांगितलं, ऑपरेशन आणि थेंबांनी उजव्या डोळ्यात आहे तेवढं टिकेल. आणखी काही महिने गेले असते तर तेही गेलं असतं. हे ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं, पण ग्रुप सुटला तो सुटलाच. काकांशिवाय कुणी निघेना. सायली एकदा दुकानात भेटली. म्हणाली, ‘आबा, तुमचं बरोबर होतं. पण यार, सगळ्यांसमोर सांगायची काय गरज होती? गाडीत बसून बोलला असतात.’ मला माणसाला बाजूला घेऊन बोलता येत नाही. मेघनाच्या घरी तीन जिने, तिला कामासाठी सारखं बाहेर जावं लागतं. म्हणून डिसेंबरात काकांना मुलाकडे, मॉरिसव्हिलला, देशाच्या दुसऱ्या टोकाला नेलं. तिथं घर एकमजली आहे. माळ नाही, रान नाही, घराभोवती फुटपाथ आहे म्हणे. मी निरोप द्यायला गेलो नाही. बोलावलं नव्हतं.

ते जायच्या आठवडाभर आधी विकासनं त्यांना स्पीकरवर फोन लावला होता. मी समोर बसलो होतो. मला खात्री होती, आता हा माणूस दावा साधणार. विकास म्हणाला, ‘काका, बाबांचं काय वाटतं? एकटे राहतील?’

काका म्हणाले, ‘राहतील. पाय चांगले आहेत, डोळे चांगले आहेत, रस्त्यावरचा दगड न् दगड विसरत नाहीत. पाठव. काळजी करायचीच असेल तर शेजाऱ्यांची कर.’

विकास हसला. मी हसलो नाही. मी त्यांना पाडलं होतं, उघडं केलं होतं, त्यांच्या वाटा बंद केल्या होत्या, आणि तरी ते खरं बोलले. का बोलले? माझ्या मनात सगळं येऊन गेलं. मला इथून लवकर घालवायचं असेल. मला आयुष्यभर मिंधा ठेवायचं असेल. एखादा माणूस नुसता खरं बोलला असेल, हे माझ्या मनात सगळ्यात शेवटी आलं.

आता माझं तिकीट आलंय. प्राचीनं बॅग भरायला घेतली आहे. परवा सकाळी फोन वाजला, नंबर अनोळखी होता म्हणून मी आधी उचललाच नाही. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा उचलला.

‘पाटकरी,’ पलीकडून आवाज आला, ‘तुमच्या गावच्या घरात शिरताना पायऱ्या किती?’

मी म्हटलं, ‘दोन.’

‘कठडा आहे?’

‘नाही.’

‘बांधून घ्या,’ ते म्हणाले आणि फोन ठेवला.

विकासनं सांगितलं म्हणून विचारलं, का माझी काळजी वाटली म्हणून विचारलं, का ते स्वतः कधी यायचं म्हणतायत म्हणून विचारलं, मी दिवसभर खुर्चीत बसून उलटसुलट करून बघितलं. कळलं नाही. संध्याकाळी गावाकडं सकाळ झाली तेव्हा मी गवंड्याला फोन लावला आणि सांगितलं, मी पोचायच्या आत ओट्याला कठडा झाला पाहिजे, दोन्ही बाजूंनी, आणि पहिल्या पायरीची कड लांबून दिसेल अशी नारिंगी रंगव.